काट्याकडे बघू नको

धोंडीराम पगारेच्या खाकी शर्टाच्या खिशात कायम खडूचे तुकडे असायचे. तो काही शाळामास्तर नव्हता. वाघओहोळच्या धरणावर एक सरकारी लाँच होती, तिच्या इंजिनाचा तो फिटर. खडू तो शाळेतल्या गुरुजींकडून मागून आणायचा आणि गुरुजीही देऊन टाकायचे, कारण त्यांनाही पलीकडच्या शाळेत लाँचनंच जावं लागायचं.

खडूचं कारण असं, की इंजिनाचं तेल कुठून गळतं हे शोधणं म्हणजे मोठी कटकट. तेल सुटतं एकीकडून, चाकाच्या वाऱ्यानं पसरतं भलतीकडे आणि ठिबकतं तिसऱ्याच जागेवरून. अर्धवट फिटर जिथं थेंब दिसतो तिथलं पॅकिंग बदलून हात झटकतो. धोंडीरामचं तसं नव्हतं. तो आधी रॉकेलच्या बोळ्यानं अख्खं इंजिन पुसून लख्ख कोरडं करायचा, मग खडू कुटून त्याची पूड फडक्यातून त्याच्यावर भुरभुरायचा, इंजिन सुरू करायचा आणि बिडी ओढत समोर बसून राहायचा. दहा-पंधरा मिनिटांत त्या पांढऱ्या पुडीवर कुठंतरी एक बारीक काळी रेघ उमटायची. रेघ जिथून निघाली तिथं दुखणं. एवढं साधं काम, पण ते करायला लागणारा धीर फार थोड्या फिटरांकडे असतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

ही विद्या त्याला विंचूरकडं मिळाली. त्या भागात कांद्याला पाणी द्यायला विहिरीविहिरीवर ऑइल इंजिनं होती आणि ती बिघडली की शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं. धोंडीराम पंधराव्या वर्षापासून एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली राबला. तेल दोन बोटांत चोळून त्यात डिझेल मिसळलंय का हे तो वासावर सांगायचा. तेल दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय म्हणायचा. त्याचा बाप गावकीची कामं करत आला होता. छप्पन सालानंतर बापानं घरातले देव नदीत सोडले, गावकी सोडली, आणि पोराला सांगितलं की हातात पाना धर, कुणापुढे हात पसरू नको. धोंडीरामनं ते अक्षरशः पाळलं. अडुसष्ट साली धरणावर नोकरी लागली, सुलाबाईशी लग्न झालं, धरणाच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. माणूस ताठ होता. कमी बोलायचा, आणि अपमान विसरायचा नाही.

लाँच चालवायचा बहिरू. तो पलीकडच्या काठावरच्या उंबरमाळ पाड्याचा. धरण झालं तेव्हा पाड्याची खालची भातशेती बुडाली, हरसूलच्या बाजाराला जायची वाट बुडाली, आणि बदल्यात मिळालं काय, तर दिवसाला दोन फेऱ्या मारणारी ही लाँच. बाजार, दवाखाना, कचेरी, सगळं ह्या काठाला. लाँच बंद पडली की पाड्याला डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस चालावं लागायचं. बहिरू रोजंदारीवरचा माणूस, पण लाँचला असा जपायचा की बघणाऱ्याला वाटावं ती त्याच्या बापजाद्यांची आहे. रोज सकाळी लाँचच्या तळात साचलेलं पाणी डब्यानं उपसायचा, फळ्या पुसायचा, आणि मगच माणसं चढवायचा. धोंडीराम त्याला इंजिनाचं थोडंथोडं शिकवायचा. दोघांचं बरं जमायचं.

इंजिनापाशी, चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, तेलाच्या दाबाचं एक घड्याळ होतं. इंजिन थंड असताना त्याचा काटा पन्नासाच्या आसपास राहायचा, तापल्यावर पंचविसावर यायचा. पंचविसाच्या खाली घसरायला लागला की दहा कारणं असू शकतात. तेल कमी झालंय, पातळ झालंय, पंपाची जाळी तुंबलीय, बेअरिंग झिजलंय, नाहीतर घड्याळच खोटं बोलतंय. ह्या शेवटच्या कारणानं धोंडीरामला फार छळलं होतं. एकदा तेल नेणारी तांब्याची बारीक नळी काजळीनं बुजली होती, एकदा नट ढिला होता, एकदा आतली स्प्रिंगच गेली होती. तिन्ही वेळा काटा खाली, धोंडीराम घाबरून इंजिन खोलून बसलेला, आणि इंजिन ठणठणीत. म्हणून त्यानं स्टोअरमध्ये एक दुसरं घड्याळ ठेवलं होतं. शंका आली की जुनं काढायचं, दुसरं लावायचं, ताडून बघायचं. हा नियम त्यानंच बहिरूला पहिल्यांदा शिकवला होता.

आता त्या हाराचं सांगतो, कारण सगळं त्या हारापाशी अडलं.

दसऱ्याला बहिरू इंजिनाची पूजा करायचा. लाँच धुवायची, इंजिनाला हळदकुंकू, वर झेंडूचे जाड हार, आपट्याची पानं, नारळ. हार काढायचे ते कोजागिरीला. धोंडीराम त्या दिवशी धरणावर नसायचाच. दसरा म्हणजे त्याच्या लोकांचा धम्मचक्राचा दिवस. पांढरा शर्ट घालून, सुलाबाईला घेऊन तो पंचवटीपलीकडे मेव्हण्याच्या वस्तीत जायचा, विहारात बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परतायचा.

एकाहत्तर साली असाच परतला, तर इंजिनातून धूर येत होता. त्यानं सरळ हार बाजूला केला आणि पाना लावला. एक ओव्हरसियर काठावर उभा होता. पूजेच्या वस्तूला ह्याचाच हात लागायचा राहिला होता, असं तो हसत हसत, चारचौघांत म्हणाला. बहिरू तिथं होता. तो मान खाली घालून उभा राहिला. धोंडीरामनं इंजिन नीट केलं, हार होता तसा परत ठेवला, आणि त्या दिवसापासून पूजा केलेल्या इंजिनाला कोजागिरीपर्यंत हात लावला नाही. सात वर्षं हे असंच चाललं आणि सात वर्षं इंजिनानंही सांभाळून घेतलं.

अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याला बहिरूनं एक गोष्ट जास्तीची केली. इंजिनाच्या डोक्यावर एक आखूड नळी असते, आतली वाफ आणि धूर तिच्यातून बाहेर पडतो. फिटर तिला ब्रीदर म्हणतात, बहिरू नाक म्हणायचा. इंजिन जुनं झालं होतं, त्यामुळे ते नाक तेलाचे बारीक तुषार उडवायचं. दसऱ्याला उंबरमाळच्या बायका सोनं द्यायला ह्या काठाला यायच्या, नवी लुगडी नेसून, आणि दरसाल कुणाच्या ना कुणाच्या पदरावर डाग पडायचे. बहिरूला त्याची लाज वाटायची. म्हणून त्या वर्षी त्यानं नाकात एक चिंधी कोंबली, एका दिवसापुरती, आणि वर हार चढवला. लुगडी स्वच्छ राहिली. बायका खूश झाल्या. हाराखालची चिंधी मग कोण लक्षात ठेवतो?

इंजिनाचं नाक बंद झालं की आतला दाब वाट शोधतो. मागच्या चाकाशी तेल अडवणारं एक रबरी सील असतं, तिथून तो तेल बाहेर ढकलायला लागला. ते तेल तळात उतरायचं. आणि बहिरू, पूजेच्या लाँचमध्ये घाण नको म्हणून, नेहमीपेक्षा दुप्पट काळजीनं तळ उपसायचा आणि पुसायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, धोंडीराम नाशिकहून आला तेव्हा बहिरू धक्क्यावर वाट बघत होता.

"फिटर, काटा खाली येतोय," तो म्हणाला. "तापल्यावर धा-बारावर बसतोय. आन् सकाळी पानी उपसलं तर त्याच्यावर रंग दिसला, तेलावानी."

धोंडीराम लाँचमध्ये उतरला. इंजिन झेंडूत बुडालं होतं. त्यानं मोकळ्या बाजूनं तेलाची पट्टी ओढून बघितली, बोटभर तेल कमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्वतःच काठोकाठ भरलं होतं, तरी त्यानं ते नुसतं पुन्हा भरलं. फळी उचलून तळ बघितला, तर तळ कोरडा ठक्क. गळती असती तर इथं दिसली असती, असं त्यानं स्वतःशीच ठरवलं. पाण्यावरचा रंग लाँच धुतल्याचा असेल. राहिलं घड्याळ. ते बदलायचं तर हार काढावे लागणार, खडू टाकायचा तर कुंकू पुसावं लागणार.

बहिरूच्याही ते लक्षात आलं. "हार काढू का?" त्यानं विचारलं.

"राहू दे," धोंडीराम म्हणाला. "तुझी पूजा आहे. कोजागिरीला निघेल तेव्हा बघू."

वरवर हा मोठेपणा होता. आत सात वर्षांपूर्वीचा राग होता, मुरलेला. बहिरू हार काढायला तयार होता, त्याच्या हातानं काढणार होता, आणि तरी धोंडीरामला तो उपकार नको होता. तुमच्या पूजेला मी हात लावत नाही, बघा, हे त्याला बहिरूला दाखवायचं होतं, आणि बहिरूच्या आडून त्या ओव्हरसियरला, जो तीन वर्षांपूर्वीच बदली होऊन गेला होता. मला ह्या माणसाची कीव येते आणि चीडही येते. काटा सांगत होता, पट्टी सांगत होती, पाण्यावरचा रंग सांगत होता. हाच माणूस एरवी एका थेंबामागं दुपार घालवायचा.

निघताना बहिरूनं पुन्हा काट्याचा विषय काढला, तेव्हा धोंडीराम जरा वैतागूनच बोलला.

"काट्याकडे बघू नको. तीनदा खोटं बोललाय तो. सोमवारी घड्याळच बदलतो."

बहिरूनं मान डोलावली. फिटरनं सांगितलं म्हणजे झालं.

शनिवारी दुपारी धोंडीराम धक्क्यावरच्या शेडमध्ये व्हॉल्व्ह घासत बसला होता. लाँचची ही वेळ नव्हती, पण पलीकडून तिचा आवाज यायला लागला. त्यानं मान वर केली. लाँच निम्म्याच्या अलीकडे आली होती आणि बहिरू ती पुरी ताणून पळवत होता. धोंडीराम ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याच्या हातातलं काम थांबलं. आवाजात एक ठोका आला होता. आधी हलका, कुणी दूरवर लोखंडावर हातोडी टेकवावी तसा, मग प्रत्येक फेऱ्याला. बेअरिंगमधलं तेल संपलं की इंजिन असं ठोकतं. असा ठोका त्यानं आयुष्यात दोनदाच ऐकला होता. तो काठापर्यंत धावला आणि बंद कर, बंद कर, असं ओरडला. अर्ध्या कोसावरून ते कुणाला ऐकू जाणार होतं? ठोका वाढला, एकदम कर्कश झाला, आणि आवाज थांबला. पाण्यावर काहीच ऐकू येईना.

लाँचमध्ये एक वल्हं होतं आणि एक बांबू. वारा समोरचा होता. ह्या काठाला दुसरी होडी नव्हती. अवेळी पळवत आणलेल्या लाँचमध्ये कुणीतरी आजारी असणार हे ओळखून धोंडीरामनं कचेरीतून जीप मागवून धक्क्याशी उभी केली आणि काठावर उभा राहून बघत राहिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. लाँच दोन हात पुढे यायची, हातभर मागे जायची. पावणेदोन तास गेले.

लाँचमध्ये चंद्रभागा होती. उंबरमाळच्या गोटीरामची बायको, एकोणीस वर्षांची. माळावर गवत कापताना तिला घोणस चावली होती. चावली तेव्हा पाड्यातल्या माणसांनी शहाणपणा केला, मंत्र-अंगाऱ्यात वेळ घालवला नाही, उचलून सरळ लाँचमध्ये आणलं. साप चावल्यावरची सुई तालुक्याच्या दवाखान्यात होती आणि लाँच चालती तर ती सहज वेळेत पोचली असती. धक्क्याला लागली तेव्हा पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. गोटीराम तिला खांद्यावर घेऊन धोंडीरामच्या समोरून गेला. ती शुद्धीवर होती. कुणाकडे न बघता तिनं विचारलं, "लाँच का थांबली?"

गोटीरामनं तिला जीपमध्ये आडवं केलं. जीप घाटाच्या वळणावर असतानाच ती गेली.

कोजागिरीला, सोमवारी, बहिरू आला आणि त्यानं स्वतःच्या हातानं सुकलेला हार उतरवला. धोंडीराम पाना घेऊन बाजूला उभा होता. हाराखाली ती चिंधी होती, तेलानं काळी झालेली. प्रेताच्या नाकात कापूस घालतात तशी. दोघेही तिच्याकडे बघत उभे राहिले.

"हे मीच घातलं," बहिरू म्हणाला. "काढायचं राह्यलं."

धोंडीरामनं इंजिन खोललं. मागचं सील जागेवरून निसटलं होतं, चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा थर होता, बेअरिंग जळून निळंकाळं पडलं होतं. सगळं कसं घडलं ते त्याला पुस्तकासारखं वाचता आलं. मग त्यानं स्टोअरमधलं दुसरं घड्याळ आणलं आणि जुनं खोलून दोन्ही तेलाच्या पिचकारी पंपावर सारखाच दाब देऊन ताडून बघितली. जुन्या घड्याळात काही खोट नव्हती. काटा खरं बोलत होता.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

चौकशी कचेरीच्या ओट्यावर झाली. साहेब शहरातून आले होते. फिटरचा अहवाल त्यांनी मोठ्यानं वाचला. ब्रीदरमध्ये चिंधी आढळली, त्यामुळे आतील दाब वाढून सील निसटले, तेल गळून इंजिन जाम झाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. धोंडीराम आदल्या दिवशी ते लिहायला बसला तेव्हा शेवटी आणखी एक ओळ लिहायची होती. ती मनात पुरी तयार होती. चालकाने काटा उतरल्याचे सांगितले होते, मी दुर्लक्ष करण्यास सांगितले. त्यानं पेन टेकवलं आणि उचललं. नोकरी गेली तर काय, हा विचार होताच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. ह्यांचा हात लागला की असंच होतं, असं कुणीतरी हसत हसत म्हणेल, आणि ह्या वेळी ते खोटं आहे असं आपल्याला म्हणता येणार नाही.

साहेबांनी बहिरूला चिंधीबद्दल विचारलं, त्यानं कबूल केलं. मग त्यांनी विचारलं, काटा शून्यावर आलेला तुला दिसला नाही का? तू बघितलाच नाहीस?

बहिरूनं एकदा धोंडीरामकडे बघितलं. फार नाही, क्षणभर.

"न्हाय साहेब," तो म्हणाला. "नाय बघितला."

धोंडीरामनं ती ओळ तेव्हाही जोडली नाही. त्यानं कागदावर सही केली. बहिरूला त्याच दिवशी कामावरून काढलं.

रात्री जेवताना सुलाबाईनं विचारलं, बहिरूभाऊंसारख्या जपणाऱ्या माणसानं काट्याकडे बघितलं कसं नाही? धोंडीराम ताटावरून उठला. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं असावं. बायकांना कळतं आणि त्या गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्याचं ओझं घरात जन्मभर राहतं.

त्यानंतरचा धोंडीराम वेगळा माणूस होता. इंजिन त्यानं नवं करून उभं केलं, खरं तर आधीपेक्षा चांगलं. घड्याळ मात्र तेच जुनं लावलं. नव्या चालकाला, पुंजारामला, त्यानं इतकं छळलं की तो काट्याच्या नावानं दचकायचा. तळातलं पाणी धोंडीराम स्वतः उपसायचा, आधी डब्यात बोट बुडवून, ते चोळून, वास घेऊन. दसऱ्याला तो परत कधी नाशिकला गेला नाही. विहारातल्या लोकांनी नावं ठेवली, मेव्हणा रुसला, सुलाबाई एकटी जाऊन यायची. तो लाँचमध्ये बसून पुंजारामची पूजा बघायचा, आणि नारळ फुटला की म्हणायचा, झालं ना, आता मी हार काढतो. स्वतःच्या हातानं काढायचा, खडूची पूड टाकायचा, आणि फुलांच्या पाकळ्यांत बसून काळी रेघ उमटते का ते बघायचा. लोक म्हणायचे, फिटर जरा भ्रमिष्ट झालाय.

उंबरमाळच्या काठाला मात्र तो उतरला नाही. आठ वर्षांत एकदाही नाही. लाँच पलीकडे लागली की तो इंजिनाकडे तोंड करून बसायचा. गोटीराम चढायचा, उतरायचा, रामराम करायचा. पुढं त्यानं दुसरं लग्न केलं, बायको-मुलांना घेऊन बाजाराला जायचा. बहिरूबद्दल काही ना काही कानावर यायचं. चार हिवाळे तो विंचूरच्या खळ्यांवर कांद्याची पोती उचलायला जात होता, मग पाठ गेली, मग घरीच असतो. विंचूर हे नाव निघालं की धोंडीराम उठून जायचा. ज्या गावानं त्याच्या हातात पाना दिला, त्याच गावात बहिरूची पाठ मोडली.

श्याऐंशी साली डोंगराच्या कडेनं रस्ता झाला. उंबरमाळला एसटी जायला लागली आणि लाँच बंद करायचा हुकूम आला. धोंडीरामलाही शहरातल्या कार्यशाळेत जायचं होतं. शेवटच्या दिवशी लाँच पलीकडे लागली तेव्हा तो उठला, पुंजारामला थांबायला सांगितलं, आणि काठावर उतरला.

बहिरू घराच्या ओट्यावर कुडाला टेकून बसला होता. पन्नाशीचाच, पण सत्तरीचा दिसत होता. त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं, काय फिटर, वाट चुकले का, असं विचारलं. धोंडीरामनं चहाची वाट बघितली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. घड्याळ चांगलं होतं. मी ताडून बघितलं होतं. कागदावर लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. चूक माझी होती आणि नोकरी तुझी गेली.

बहिरू ऐकत होता. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"काटा मी बघितला व्हता की," तो म्हणाला. "निम्म्या पान्यात शून्यावर आला. मला वाटलं बंद करावं. मग तुमचा शब्द आठवला, आन् पोरगी कन्हत व्हती. नाय केलं बंद."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"सांगून काय व्हनार व्हतं? तुमाला काढलं असतं. लाँच चालवनारा कुनीबी मिळतो. ते इंजिन उघडून उभं करनारं ह्या धरनावर तुमच्याशिवाय कोन व्हतं? लाँच बंद झाली असती तर पाड्यानं काय करायचं? आमची म्हातारी मानसं, पोरं, आनखी बाया व्हत्याच की."

आठ वर्षं धोंडीरामला वाटत होतं की बहिरू घाबरून गप्प बसला, नाहीतर मिंधेपणानं, नाहीतर त्या ओव्हरसियरपुढे मान खाली घातली होती त्याची भरपाई म्हणून. खरं कारण इतकं सरळ होतं आणि त्यात धोंडीरामवरची दया कुठंच नव्हती. बहिरूनं पाड्यासाठी एक फिटर राखून ठेवला होता.

धोंडीराम म्हणाला, गोटीरामकडे जातो, त्यालाही सांगतो. तो जायला वळला तेव्हा बहिरूनं त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"त्याला नका सांगू," बहिरू म्हणाला. "तो समजतो का साप लय इखारी व्हता, देवाची मर्जी. त्याच्यावर त्यानं संसार उभा केलाय. तुमचं हलकं व्हायला त्याच्यावर कशाला घालता? तुमचं तुमी वागवा. माझं मी वागवतोच हाय."

चहा आला. धोंडीरामनं तो कसाबसा संपवला, बहिरूच्या बायकोला येतो म्हणाला, आणि उतरून धक्क्यावर आला. गोटीरामचं घर वाटेतच होतं. अंगणात गोटीराम दोरी वळत बसला होता. त्यानं हात वर केला, धोंडीरामनंही केला, आणि तो पुढं चालत राहिला.

लाँच रिकामीच परत निघाली. पुंजाराम सुकाणूवर होता, धोंडीराम इंजिनाशी. निम्म्या पाण्यात आल्यावर त्यानं मान वर करून पाण्याकडे बघितलं. तिथं कुठली खूण असणार? सगळीकडे सारखंच पाणी. तरी त्याला जागा माहीत होती. इंजिनाच्या धडधडीत तो खाली वाकून हळूच बोलला, "तेल गेलं होतं, पोरी. काटा सांगत होता. मीच बघू नको म्हणालो."

पुंजारामला ओठ हललेले दिसले. काय म्हणाले फिटर, असं त्यानं ओरडून विचारलं.

"काही नाही," धोंडीराम म्हणाला. "काट्याकडे बघ."